एक तास पंचवीस मिनिटं

कुवेतमधली पहिली नोकरी मला मिळाली ती एका प्रश्नाचं उत्तर न देता आल्यामुळे. पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. लग्न करून डोंबिवलीहून आलेली मी, दिवसभर घरात बसून भिंतींशी बोलायला लागले होते, म्हणून नवऱ्यानेच कंटाळून शर्कमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मुलाखतीला पाठवलं. समोर हे साहेब बसलेले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं, टेबलावर टेलिफोन डिरेक्टरीपेक्षा जाडजूड असं विमानांचं वेळापत्रक. माझी सर्टिफिकिटं त्यांनी न बघताच बाजूला सारली आणि विचारलं, "इन्युव्हिकहून टुक्टोयाक्टुक किती लांब?"

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. मग त्यांनी समजावलं की ही कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, बर्फातली दोन गावं आहेत. मी म्हटलं, साहेब, मला डोंबिवलीहून बदलापूर किती लांब तेसुद्धा धड सांगता यायचं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याआधी आलेल्या तिघांनी म्हणे बिनधास्त अंदाज ठोकले होते. एकाने तर सहा तास सांगितले होते. तिकिटाच्या धंद्यात 'माहीत नाही' म्हणणारं माणूस हवं असतं, असं ते म्हणाले आणि मला उद्यापासून यायला सांगितलं. दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, "वहिनी, अर्धा तास लागतो."

ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे 'मैलसाहेब' म्हणायचे. तेव्हा तिकिटं हाताने लिहायची असत, लाल कार्बनची, आणि भाडं ठरायचं मैलांवर. या शहरातून त्या शहरात किती मैल, याचं एक वेगळं पुस्तकच असे. आम्ही बाकीचे ते पुस्तक उलटंपालटं करून घामाघूम व्हायचो. साहेब डोळे मिटायचे. एखादा कुवेती शेख येऊन सांगायचा, मला लंडनला जायचंय, पण जाताना कैरो, अथेन्स, रोम करत जायचंय. आणि त्याचा चहा संपायच्या आत साहेब डोळे उघडून आकडा सांगायचे. पुढे कॉम्प्युटर आले. साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरवर नवा कोरा टॉवेल घातला आणि त्यावर डबा ठेवायला सुरुवात केली.

अबू हलीफामध्ये आमच्या बिल्डिंगपासून दोन बिल्डिंगा सोडून ते राहायचे, एकटेच. बायको आणि मुलगा कणकवलीजवळच्या गावी. माझा नवरा पहाटेच साइटवर जायचा, त्यामुळे माझं जाणं-येणं साहेबांच्या गाडीतून. ही गाडी म्हणजे एक प्रकरण होतं. मी दार लावलं की ते घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगत. फहाहीलच्या रस्त्याला लागलो की आणखी एकदा. शर्कला पोचलो की शेवटची घोषणा, "अडतीस मिनिटं. दोन मिनिटं लवकर." उशीर झाला तर समोरून वारा होता, असं कारण द्यायचे. गाडीला कसला आलाय समोरून वारा? पण बोलायची सोय नव्हती, नाहीतर दुसऱ्या दिवशी अनाउन्समेंट आणखी लांबायची.

माणसाशी ओळख झाली की ते गाव विचारायचे नाहीत, वेळ विचारायचे. घरच्या दारापासून इथल्या दारापर्यंत किती तास? एकदा कोणाच्या तरी फ्लॅटवर गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटप चाललं होतं, आणि साहेबांनी नुकत्याच आलेल्या एका सुताराला कोपऱ्यात गाठलं. तो बिचारा सावंतवाडीकडचा. मुंबईपर्यंत विमान, मग रात्रभर एस.टी., मग दुसरी एस.टी., मग पायी. साहेबांनी बोटांवर बेरीज केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की याचं गाव कुवेतपासून लंडनपेक्षा लांब आहे. तो पोरगा इतका खूष झाला की दोन मोदक जास्त खाल्ले. साहेब स्वतःच्या गावाबद्दलही हेच सांगत, आणि सांगताना त्यांची छाती दोन इंच पुढे यायची.

पण त्यांचा खरा जीव होता उत्तरेत. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला बाहेर पन्नास डिग्री ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, गिऱ्हाईक तर नाहीच. अशा वेळी साहेब एसी वाढवायचे, इतका की आमचे दात वाजायला लागायचे. मग खणातून मफलर काढून गळ्याला गुंडाळायचे आणि जाड पुस्तकातली ती बर्फाळ गावं उघडायचे. रोज नवी जोडी. या गावाहून त्या गावी, इतके मैल, इतका वेळ. चवीचवीने वाचायचे, आणि मध्येच मान वर करून आम्हाला विचारायचे. आम्हाला उत्तर आलं नाही की त्यांना जो आनंद व्हायचा, तो पगारवाढ झाल्यावरही व्हायचा नाही. मी एकदा चिडून विचारलं की साहेब, एवढी माया आहे तर जाऊन का येत नाही? हा माणूस जन्मात आपल्या हौसेने मुंबई-कुवेत सोडून कुठल्या विमानात बसला नव्हता. तर म्हणाले, जायचं कशाला? तिथे गर्दी नाही, ट्रान्झिट नाही, एका गावातून उडायचं, दुसऱ्या गावात उतरायचं. वाचतानासुद्धा डोक्याला थंड वाटतं.

एकाच प्रवासाबद्दल ते बोलत नसत. नव्वद साली इराकी सैन्य आलं तेव्हा ते इथेच होते. मला हे माहीत होतं, कारण अबू हलीफातल्या जुन्या माणसांना एकमेकांचं सगळं माहीत असतं. एका सकाळी गाडीत, सहज म्हणून, मी विचारून बसले की तेव्हा घरी पोचायला किती वेळ लागला. साहेबांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, एकतीस दिवस. बसरा, बगदाद, जॉर्डनच्या सीमेवर तंबू, मग अम्मानहून विमान. घरी पोचले तेव्हा त्यांच्या वडलांचं तेरावं होऊन दहा दिवस झाले होते. शर्कला पोचलो तरी त्यांनी घड्याळ बघितलं नाही, आणि मीही पुन्हा तो विषय काढला नाही.

आता सिस्टरची गोष्ट. साल दोन हजार दोन की तीन. एका सरकारी हॉस्पिटलात काम करणारी नर्स, चिपळूणची, आम्ही तिला सिस्टरच म्हणायचो. दरवर्षी सुट्टीचं तिकीट आमच्याकडून काढायची. नवरा सौदीत, दम्मामला, जनरेटरचा मेकॅनिक. मुलगी आठ वर्षांची, आजीकडे चिपळूणला. तर ही बाई एका दुपारी घामाने निथळत आत आली आणि तिने साहेबांच्या टेबलावर दोन कागद ठेवले. कॅनडाला जायचं त्यांचं काम कितीतरी वर्षांनी झालं होतं. तिला एका गावातल्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती, नवऱ्याला दुसऱ्या गावच्या वीजघरात. मुलगी तिच्याजवळ राहणार. पण गावं दोन वेगळी, आणि दोन्ही नकाशाच्या पार वर, जिथे रस्ताच नाही. रविवारपर्यंत होय किंवा नाही कळवायचं होतं. नाही म्हटलं तर पुन्हा रांगेत सगळ्यात मागे. तिला एवढंच हवं होतं: ही दोन गावं एकमेकांपासून किती लांब? तिघं एकत्र राहिल्यासारखं होईल का, की उगाच घर मोडून जायचं?

साहेबांनी कागदावरची नावं वाचली. तिचं ग्रीस फियॉर्ड, नवऱ्याचं रेझोल्यूट. देवाशपथ सांगते, त्यांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं ज्या गावांची त्यांनी एकट्याने उपासना केली, त्या गावांना जाणारं पहिलंवहिलं गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि तेही चिपळूणचं. पुस्तकाला हातही न लावता ते म्हणाले, "दोनशे चाळीस मैल. एक तास पंचवीस मिनिटं."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. एवढंच? एवढंच, साहेब म्हणाले. मुंबईला जातेस त्याच्या निम्म्याहून कमी. मग त्यांना चेवच आला. नवरा शनिवारी सकाळी निघेल, जेवायला घरी असेल, सोमवारी कामावर. कांदेपोहे गरम असतील इतक्यात पोचेल. सिस्टर हसायला लागली आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. आमच्याच फॅक्सवरून तिने होकार पाठवला. आमच्याच फोनवरून चिपळूणला मुलीला सांगितलं की बाबा आता दर शनिवारी येणार. मी तिला चहा पाजला, साहेबांना चिडवलं की आता कमिशन म्हणून एक पेंग्विन मागवा. त्यावर साहेब गंभीरपणे म्हणाले की पेंग्विन दक्षिणेला असतात.

खरं सांगायचं तर माझ्यासमोर कॉम्प्युटर चालू होता. ताडून बघायला दोन बटणं दाबायची होती. मी दाबली नाहीत. साहेब मैलात चुकत नाहीत, हे मी सात वर्षं बघत आले होते.

आणि ते मैलात चुकले नव्हतेच. आठवड्याने ते तिकिटांची जुळवाजुळव करायला बसले. कुवेत, लंडन, मॉन्ट्रियल, पुढे आणखी दोन विमानं. एकेक कागद लावत होते. मी समोर बसून स्टेपल मारत होते. अचानक साहेबांनी गळ्यातला मफलर काढून टाकला. पुस्तक जवळ घेतलं, मग चष्मा काढून आणखी जवळ. आमच्या पुस्तकात प्रत्येक विमानाच्या ओळीत सुरुवातीला बारीक आकडे असतात, आठवड्यातल्या कुठल्या वारी ते विमान जातं त्याचे. रोज जाणारं असेल तर काही बघायला लागत नाही. लंडन, मुंबई, दुबई करणाऱ्या माणसाची नजर तिथे थांबतच नाही. ती सरळ वेळेवर जाते. साहेबांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं आणि बोट ठेवलं. दोन आणि पाच. मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे पाच दिवस काहीच नाही.

त्यांनी त्या छोट्या विमान कंपनीला फॅक्स केला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, दोन ओळींचं, फार सभ्य. आठवड्यातून दोनदा, हवा चांगली असेल तर. हिवाळ्यात आम्ही कधी कधी येतो, कधी कधी नाही.

त्या दिवसापासून गाडीतल्या घोषणा बंद झाल्या. एवढी वर्षं ज्या घोषणांना मी वैतागले होते, त्या बंद झाल्यावर मला गाडीत बसवेना. मी समजूत घालायला गेले की साहेब, आपण फोन करून सांगू. ते म्हणाले, फोनवर नाही. घरी जाऊन सांगायचं, तोंडावर. अजून सही व्हायची आहे, अजून नाही म्हणता येईल. पण नर्सांच्या फ्लॅटवर एकटा पुरुष कसा जाणार, म्हणून मी बरोबर यायचं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "वहिनी, मी तिला वेळ सांगितली. दिवस सांगितलेच नाहीत. हे मी करावं? एकतीस दिवस मोजलेल्या माणसाने?"

मी खिडकीतून समुद्र बघत राहिले. मलाही लाज वाटत होती, कॉम्प्युटरच्या त्या दोन बटणांची.

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. सिस्टरचा फ्लॅट मंगाफला, तीन नर्सा मिळून राहायच्या. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात खजुराचा डबा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ते जाडजूड पुस्तक. कोणाच्या घरी चहाला जाताना वेळापत्रक घेऊन जाणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. एरवी मी त्यावरून त्यांचा जीव खाल्ला असता. जिन्यात दोनदा थांबले, धाप लागली म्हणून. पहिलाच मजला होता.

सिस्टर नाइट करून आली होती, डोळे लाल. खोलीत दोन बॅगा अर्ध्या भरलेल्या. एका बॅगेवर छोटा गुलाबी जाड कोट पडलेला होता, मुलीसाठी घेतलेला, लेबलसकट. साहेबांनी तो पाहिला आणि खाली बसण्याआधीच बोलायला सुरुवात केली. उभ्याउभ्याच. पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं, बोट ठेवलं. वेळ बरोबर आहे, ते म्हणाले, पण विमान रोज नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि हवा चांगली असेल तरच. दर शनिवारी येणं व्हायचं नाही. शुक्रवारी आला तर मंगळवारपर्यंत अडकेल, तेवढी रजा कोण देणार? महिन्यातून एकदा जमलं तर जमलं. हिवाळ्यात तेही नाही. "मी तुला चुकीचं सांगितलं. माझ्या भरवशावर तू होय म्हणालीस. अजून वेळ आहे, नाही म्हण. मी स्वतः पत्र लिहून देतो, चूक माझी म्हणून."

सगळं एका दमात बोलून ते बसले. सात वर्षांत त्या माणसाने पहिल्यांदाच कुठल्या चुकीची कबुली दिली होती. मी हळूच पुस्तक त्यांच्या मांडीवरून काढून घेतलं.

सिस्टर उठून चहाचं आधण ठेवून आली. परत येऊन समोर बसली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "साहेब, इथून दम्माम किती लांब?"

त्यांना सवयच. विचारलेल्या क्षणी तोंडातून उत्तर गेलं. "पंचावन्न मिनिटं."

"आणि मला किती लागतात?"

साहेबांचा हात पुस्तकाकडे गेला, पण ते माझ्या हातात होतं.

"एकवीस महिने झाले," सिस्टर म्हणाली. "गेल्या वर्षी त्यांची सुट्टी जूनमध्ये, माझी ऑगस्टमध्ये. मला सौदीचा व्हिसा नाही, त्यांना कुवेतचा नाही. त्याआधी दोघांच्या सुट्टीत पंधरा दिवस एकत्र सापडले, तेही चिपळूणला, त्यात चार दिवस मुलगी त्यांना 'काका' म्हणत होती. रोज विमानं आहेत हो इथून दम्मामला. रोज."

आत चहा उतू जायला आला होता. ती उठली नाही, मीच उठून गॅस बंद केला. स्वयंपाकघरातून ऐकू आलं, ती साहेबांना विचारत होती की त्या दोन गावांमध्ये एकमेकांकडे जायला व्हिसा लागतो का. साहेब म्हणाले, नाही. कोणाची परवानगी? नाही. कफीलची, इथल्या जामीनदाराची, सही, मालकाने दाबून ठेवलेला पासपोर्ट? नाही, नाही. दर वेळी त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा सिस्टर हसत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं.

"आठवड्यातून दोनदा विमान आहे," ती म्हणाली, "आणि तुम्ही कोणी गेल्यासारखं तोंड करून आलात."

साहेबांनी चहाचा कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. मान खाली घातली. मला वाटलं, आता हा माणूस रडणार, आणि खरं सांगते, माझेही डोळे भरून आले होते. मी त्या गुलाबी कोटाच्या बाह्यांची घडी घालत बसले. मग त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, पिशवीतून बुकिंगचा कागद काढून गुडघ्यावर ठेवला. सिस्टरने विचारलं, आम्ही मायलेकी आधी नवऱ्याच्या गावी उतरलो, चार दिवस राहिलो आणि मग पुढे आमच्या गावी गेलो तर चालेल का? चालेल, ते म्हणाले. मग पुढचं विमान मंगळवारचं घ्यायचं की शुक्रवारचं?

साहेबांनी चष्मा पुसला. "मंगळवारचं देतो," ते म्हणाले. "हवा बिघडून मंगळवार हुकला, तर शुक्रवारपर्यंत तिघं एकत्र राहाल."